रोहिदासची लाइन

"हे गोल गोल काय रं? टाक्या?" पुतळीकाकीने नकाशावर बोट टेकवलं.

"चुंबकं आहेत, काकी. बोट उचल, ओलं आहे तुझं."

पोशेरा गावातल्या आपल्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात रोहिदासने दोन मीटर लांबीचा नकाशा पसरला होता. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तो अकरा वर्षं आराखडे काढत होता. २००३ च्या त्या मे महिन्यात आयुष्यातलं सर्वांत मोठं काम त्याच्या हाती होतं. यंत्रातून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत एका लांब पाइपातून, चुंबकांनी वळवत, आवळत, प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, कुपीत नेऊन सोडायचा. या सगळ्या मांडणीला संस्थेत नुसतं 'लाइन' म्हणत. तिथे त्याला आणखी वेग मिळतो का, ते शास्त्रज्ञ बघणार. अडचण एवढीच, की शेवटचं चुंबक आणि हवा खेचणारा पंप एकाच जागेवर हक्क सांगत होते. सोमवारी समितीपुढे जायचं, म्हणून सुट्टीतही नकाशा बरोबर.

चार महिने न सुटलेली गाठ त्या सकाळी सुटली. त्याने पंप आडवा केला आणि ओरडला, "आई, लाइन बसली!"

तिथेच घात झाला. त्याची आई रखमी ते ऐकून विहिरीवर गेली, आणि दुपारपर्यंत अख्ख्या पाड्यात झालं की रखमीच्या पोरानं पाण्याची लाइन बसवली. उन्हं कलताना लक्ष्यामामा नारळ घेऊन हजर. मागे बायाबापड्या.

"कुठनं येणार रं लाइन? खोडाळ्याकडनं?"

"मामा, यातून पाणी जात नाही."

"मग काय जातं?"

"दिसत नाही ते. पाइप रिकामाच ठेवावा लागतो. थेंब चालत नाही, हवासुद्धा खेचून काढायची."

मामांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "म्हंजे कोरडा पाइप."

"हो."

"तो आपल्याकडं हायच की! पाच वरसं झाली टाकून, थेंब नाय आला!"

अंगण हसून लोळलं. "येवढा शिकला अन् आपल्याच नळापाशी आला!" पुतळीकाकीने पदर तोंडाला लावला. रोहिदासही हसला. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. नारळासाठी हळदकुंकवाचं ताट घेऊन रखमी उभी होती. तीही हसली, पण जरा उशिरा, आणि ताट घेऊन आत वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यामागोमाग त्यानेही हंडा उचलला.

"तुझं काम नाय ते."

"अगं, केसाएवढी चूक चालत नाही माझ्या कामात. हंडा काय घेऊन बसलीस!"

विहीर खाली दरीत, वाट घसरडी. चढावर दोनदा पाय सरकला, खांदा भिजला, सदरा भिजला. रखमी पुढे चालत होती. तिच्या डोक्यावरचा हंडा हलतही नव्हता.

पाड्यातली पहिली घरं दिसली तशी ती थांबली. त्याच्या हंड्यात डोकावली. निम्मंच पाणी उरलं होतं. तिने आपला हंडा उतरवला आणि त्याचा काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहिली.

"चल. आता हळू," ती म्हणाली, आणि आपला निम्मा हंडा डोक्यावर घेऊन त्याच्या मागून चालू लागली.