हिरवा ठिपका

सकाळी साडेसहाला बू सुमार्नींचा फोन आला. आमच्याकडे बाईमाणसाला आदरानं बू म्हणतात, पुरुषाला पाक. किनाऱ्यावरच्या वस्तीत त्या भात आणि तळलेल्या टोफूची खानावळ चालवतात. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते.

"पोरी, तुमच्या ॲपवर ठिपका हिरवा आहे ना?"

मी उघडून बघितलं. "हिरवाच आहे, बू."

"मग माझ्या चुलीखाली पाणी कसं?"

जावा बेटावरच्या सेमारांग शहराच्या या बाजूला भरतीचं पाणी रस्त्यावर येतं, यात नवीन काही नाही. किती येणार आणि कधी, एवढंच लोकांना कळायला हवं असतं. सरकारी खात्याच्या मोजपट्ट्या दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची त्यांच्या सर्व्हरला कळवतात. आमचं ॲप तिथून ती उचलतं आणि वस्त्यांना इशारा देतं. त्यासाठी खात्यानं आम्हाला एक किल्ली दिली आहे, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती दाखवली की माहिती मिळते.

ही जोडणी शाबूत आहे का, हे तपासणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. शाबूत असेल तर ठिपका हिरवा, म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवा; नाहीतर लाल. तीन वर्षांत तो एकदाही लाल झाला नव्हता. आमचे साहेब पाक हेंदार्तो प्रत्येक बैठकीत त्याचं कौतुक करत आणि मी नम्रपणे टेबलाकडे बघत असे.

त्या सकाळी मी माझाच प्रोग्रॅम तीन वर्षांनी नीट वाचला. तो खात्याच्या सर्व्हरला विचारत होता, "आहेस का?" सर्व्हर म्हणत होता, "आहे." झालं. किल्ली दाखवणं नाही की पाण्याची उंची मागणं नाही. किल्लीची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. उंची मागणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर तेव्हापासून दारातूनच परत पाठवत होता, आणि तो बिचारा तक्रार न करता अकरा दिवसांपूर्वीचा, कमी पाण्याचा आकडा लोकांना दाखवत बसला होता. तोही मीच लिहिलेला.

खात्यात फोन लावला. तिथले कारकून फार सौजन्यानं बोलले.

"नवी किल्ली लगेच मिळेल. जुनी ज्यांच्या नावानं आहे त्यांच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे टाका."

"कुणाच्या नावानं आहे?"

"पाक सुगोंदोंच्या."

"त्यांना फोन देता का जरा?"

"ते मागच्या वर्षी निवृत्त झाले."

"मग नाव बदलून द्या."

"बदलतो की. त्यालाही त्यांच्याच मोबाईलवर सहा आकडे येतात."

स्कूटर काढली आणि वर डोंगराकडे, उंगारानला त्यांच्या घरी गेले. पाक सुगोंदो ओसरीवर पक्ष्यांचे पिंजरे साफ करत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाले, "आकडे देईन. पण तू कोण?"

मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं.

"असलं कार्ड मीही छापून आणीन." त्यांनी खात्यात फोन केला. बराच वेळ 'हं, हं' करून खाली ठेवला. "ते म्हणतात, या नावाचं कुणी त्यांना माहीत नाही."

"मी सकाळीच बोलले त्यांच्याशी."

"तू कोण, हे ते मलाच विचारताहेत."

तीन वर्षांत या सगळ्या कारभारात ओळख खरोखर तपासणारा मला हा पहिलाच माणूस भेटला होता, आणि तो नोकरीवर नव्हता.

थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "पुलाखालची मोजपट्टी किती खोटं बोलते?"

"बावीस सेंटिमीटर जास्त दाखवते. खांब कलला आहे. आम्ही तेवढे वजा करतो."

ते पहिल्यांदाच हसले. "त्या खांबाबद्दल मी खात्याला सहा पत्रं लिहिली. कुणीतरी वाचलं म्हणायचं."

"वाचलं नाही, पाक. मी पाण्यात उतरून मोजलं."

ते आत जाऊन चहा सांगून आले. मग मी आकडे मागवले, पण त्यांचा चष्मा सापडेपर्यंत आकड्यांची पाच मिनिटांची मुदत संपली. पुन्हा मागवले. दुसऱ्या खेपेला त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचला आणि माझ्याकडूनही म्हणवून घेतला. दुपारच्या जेवणाआधी किल्ली मिळाली, पुढच्या एका वर्षासाठी, त्यांच्याच नावानं.

तिथून सरळ वस्तीत उतरले. पाणी ओसरलं होतं. बू सुमार्नींनी ओले तांदूळ चटईवर पसरले होते आणि फ्रिज उघडा टाकला होता. त्याची मोटार गेली होती.

"चूक माझी होती, बू," मी म्हणाले. फोनवर सांगता आलं असतं, पण ते बरं वाटेना.

"मशीनची नाही?"

"नाही. मशीननं मी सांगितलं तेवढंच केलं."

त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. मी संध्याकाळपर्यंत चिखल काढला.

दुसऱ्या दिवशी नवी तपासणी लिहिली. आता प्रोग्रॅम किल्ली दाखवतो, पाण्याची उंची मागतो, ती कधीची आहे ते बघतो. अर्ध्या तासाहून जुनी असेल तर ठिपका लाल. पहिल्याच आठवड्यात तो नऊ वेळा लाल झाला, कारण मोजपट्ट्या अधूनमधून डुलक्या घेतात आणि त्या नेहमीच घेत आल्या आहेत. लोकांचे फोन सुरू झाले. पाक हेंदार्तोंनी मला बोलावलं.

"रेत्नो, तू नेमकं काय बिघडवलंस?"

"काही नाही, पाक. आधीपासून असंच होतं."

"आधी दिसत नव्हतं."

"हो."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मनानं भले आहेत, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की लाल रंग अंगावर येतो, नारिंगी करून बघूया. मी नारिंगी केला. त्यावर वाद घालण्याची माझी पत नव्हती.

चार दिवसांनी बू सुमार्नींचा फोन आला.

"पोरी, लाल असला की मी स्वतः बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघून यायचे. आता हा नारिंगी कसला?"

"तो लालच आहे, बू."

"मग लाल का नाही म्हणत?"

"तुम्ही जाऊन बघून या," मी म्हणाले. पलीकडे त्या शेगडी बारीक करत असल्याचा आवाज आला, मग चपला पायात सरकवल्याचा.