गिटार : क्लीऑन टॅगर्ट

“सरका ना मिस ओडेल! पुन्हा माझ्या बरगडीत कोपर!”

“तूच सरक. अठरा वर्षं झाली, अजून उभं कुठं राहायचं कळत नाही तुला?”

शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून पोरांची ताटं भरायचो. मी उजव्या हाताने बीन्स वाढायचे, मिस ओडेल डाव्या हाताने मक्याचा कॉर्नब्रेड द्यायच्या आणि मधे आमची कोपरं रोज भिडायची. त्या दिवशीही असंच भांडण चाललं होतं, तेवढ्यात दारात एक गोरी मुलगी येऊन उभी राहिली. बुटांवर धूळ आणि छातीशी घट्ट धरलेली एक जुनी रेकॉर्ड.

“मी इंग्रिड. मिनेसोटाहून गाडी चालवत आलेय. ओडेल टॅगर्ट इथंच असतात ना?”

“असतात,” मिस ओडेल म्हणाल्या. “पण आधी पोरं जेवतील. तू पण बस त्यांच्यात.”

ती रेकॉर्ड मी लांबूनच ओळखली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली निघालेली, मिस ओडेल यांची एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी त्या आमचा हा डेल्टाचा मुलुख सोडून उत्तरेला गेल्या आणि तेहतिसाव्या वर्षी नवऱ्यासह परत आल्या. मधल्या वर्षांत त्या कुठे कुठे गायल्या ते गावात कुणी पाहिलं नाही. पण ते गाणं आम्ही ऐकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इस्त्री करत होते. ब्लाउज जळाला, धूर निघाला, तरी मला इस्त्री उचलायचं सुचलं नाही. ब्लूज आमच्या घरचाच, त्याचं काय एवढं! पण असा दार फोडून आत येणारा, ज्याला जग रॉक म्हणतं तसला, कुणा बाईच्या गळ्यातून त्याआधी आम्ही ऐकला नव्हता. आणि त्या गळ्याला तोडीस तोड अशी ती करवतीसारखी कापत जाणारी गिटार! लेबलवर छापलं होतं, ‘गिटार : क्लीऑन टॅगर्ट’.

क्लीऑन म्हणजे त्यांचा नवरा. (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात.) परत आल्यावर त्याने गिटारीला कधी हात लावला नाही. चर्चमध्ये आलो, ते सगळं सोडलं, एवढंच म्हणायचा. त्यामुळे लोकांना त्याचा आदर आणखीच वाटे. गावात गिटार वाजवणारा एकच, ओटिस न्हावी, आणि तो तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला क्लीऑनची थोरवी ऐकवी. क्लीऑन गेला तेव्हा गावाने हौसेने त्याच्या थडग्यावर गिटार कोरून घेतली.

पोरं खेळायला पळाली तशी इंग्रिड आमच्या वाढायच्या खिडकीशी आली.

“मी पण गिटार वाजवते. हे गाणं बसवायला नऊ वर्षं डोकं फोडलं. त्यातली तार ओढायची तऱ्हा काही केल्या जमेना. एकदा चिडून गिटार उलटी धरली, डावऱ्या माणसासारखी, तारा होत्या तशाच ठेवून. आणि जमलं की! मिस्टर टॅगर्ट डावरे होते का हो?”

मिस ओडेल ट्रे पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हो. डावरा होता क्लीऑन.”

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. क्लीऑनने माझा व्हरांडा दुरुस्त करून दिला होता. तीन दिवस हातोडी त्याच्या उजव्या हातात होती.

इंग्रिडने भीतभीत विचारलं, “एक ओळ गाल का?”

“आता चर्चपुरतंच गाते मी, बाळा.” पण मुलीचं तोंड इतकं उतरलं की त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि एक ओळ गायली. फक्त एक. टांगलेली पातेली घुमली. मैदानावरून तीन पोरं धावत आली आणि दारातच थिजली. इंग्रिड चक्क रडायला लागली. मी बटाट्यांच्या पोत्यावर बसले.

ती गेल्यावर मात्र मी त्यांना सोडलं नाही.

“गिटार तुम्हीच वाजवली होती. रोज कोपर खातेय मी तुमचं, मला नका शिकवू!”

“हळू बोल.”

“का हळू? सगळं गाव त्याचे गोडवे गातंय, आणि तुम्ही आपलं कॉर्नब्रेड वाटताय!”

“रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, बाई असं वाजवते म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? त्यानंच क्लीऑनचं नाव घातलं. क्लीऑनला लाज वाटली होती गं. आठवडाभर नीट जेवला नाही. पण गावी आलो तर लोक त्याला मिठ्या मारायला लागले. विनी, तो माणूस माझ्यासाठी गाडीत झोपलाय, माझी ओझी वाहिलीत. आयुष्यात कुणी त्याला शाबास म्हटलं नव्हतं. तेवढं एक मिळालं, ते मी काढून घेऊ?”

“आणि तुमचं?”

“गाणं आहे की माझ्या नावावर. मी जिवंत आहे तोवर तू तोंड उघडायचं नाहीस.”

“आणि नंतर?”

“नंतर मी कुठं असणार आहे ऐकायला?”

मी रागाने पातेली आपटली. त्यांच्या भलेपणाचा मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो.

चार वर्षांनी त्या गेल्या. केस विंचरून कपडे घालायला मलाच बोलावलं. आमच्या चर्चच्या ज्येष्ठ बायकांना शेवटी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालतात. डाव्या हातात मोजा सहज गेला. उजवा हात धरला आणि मी थांबले.

चारही बोटांची टोकं टणक होती. डावरा माणूस गिटारीच्या तारा उजव्या हातानेच दाबतो. त्यांवर तारांच्या रेघा उमटलेल्या, अगदी ठसठशीत. माझा भाऊ गिटार वाजवायचा. सोडल्यावर वर्षभरात त्याची बोटं मऊ पडली होती. म्हणजे या बाईने गिटार सोडलीच नव्हती! इतकी वर्षं, बंद घरात, विजेच्या गिटारीला वीज न जोडता, कुणाला ऐकू जाऊ न देता त्या वाजवत होत्या. इतक्या मोठ्या माणसाशेजारी उभी राहून मी बीन्स वाढले होते!

तो हात मी उघडाच ठेवला, तळवा वर करून.

“विनी, एक मोजा राहिला गं,” चर्चमधली एकजण कुजबुजली.

“राहिला नाही,” मी म्हणाले.

उघड्या शवपेटीसमोर अंत्यदर्शनाची रांग सुरू झाली. बहुतेकजण चेहरा पाहून पुढे गेले. ओटिस न्हावी आला, पुढे गेला आणि दोन पावलं मागे आला. त्या हाताकडे तो किती वेळ बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्याने आपल्या डाव्या हाताची, तारा दाबून टणक झालेली चार बोटं त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना टेकवली, टोकाला टोक. मागे रांग खोळंबली होती, पण त्याला पुढे सरक म्हणायला कुणी धजावलं नाही.