दारफोड्या

आमचे वडील देव आहेत. मुलं आपापल्या वडिलांना कौतुकानं म्हणतात तसे नव्हे, हुद्द्यानं. कोणी संकटात सापडून जिवाच्या आकांतानं ओरडलं, की ती हाक आमच्या घरी पोचते आणि घरातला जो कोणी मोकळा असेल तो धावतो. गेली कित्येक वर्षं घरात मोकळा असा मीच आहे. त्यामुळे लोक मला महानायक म्हणतात. हाताची घडी घालून, मान किंचित वर करून उभा असलेला माझा फोटो पेपरात येतो. माझ्या मागचं मोडलेलं दार मात्र फोटोत कधी येत नाही.

मला दार उघडता येत नाही. कडी, मूठ, खिटी कशासाठी असतात ते ठाऊक आहे, पण हाक ऐकली की अंगात जे बळ संचारतं त्याला मूठ फिरवण्याइतका धीर नसतो. आत कोणी आजोबा न्हाणीघरात घसरून पडलेले असतात. मी दार बिजागऱ्यांसकट उखडून आत शिरतो, आजोबांना अलगद उचलून पलंगावर ठेवतो, आणि आजोबा आभार मानण्याऐवजी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारतात, "आता या दाराचं काय?"

एका आजोबांनी असं विचारलं त्या दिवशी ती पहिल्यांदा दिसली. चौकात तिचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान आहे. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून ती आली, चौकटीपाशी उकिडवी बसली, मोडक्या कुलपाची जीभ बोटानं आत-बाहेर करून पाहिली आणि म्हणाली, "कुलूप लावलेलंच नव्हतं."

"घाई होती," मी म्हणालो.

"शिवाय हे दार बाहेर उघडतं. तुम्ही आत ढकललंत."

मी शहरातला सगळ्यात बलवान माणूस त्या क्षणी चपलेत शिरता आलं तर बरं असा विचार करत होतो. पुढे महिनाभर मी जिथे जिथे दार तोडलं तिथे तिथे ती मागोमाग येत राहिली. खरं सांगायचं तर हाका खऱ्या होत्या, पण शेवटची दोन-तीन दारं मी उगाच तोडली. तिच्या हे लक्षात आलं होतं. तिनं मला 'दारफोड्या' नाव ठेवलं, मग अहो-जाहो सुटलं, आणि मी तिच्या प्रेमात आकंठ बुडालो. मला वाचवायला अर्थातच कोणी आलं नाही.

आता आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. हाक आल्याशिवाय जायचं नाही. हा नुसता नियम नव्हे, आमचा पिंडच तसा आहे. हाक असेल तर मी एका हातानं बस उचलतो. हाक नसेल तर मी तुमच्यासारखाच, किंबहुना तुमच्याहून जरा कमीच, कारण तुम्ही निदान कधीतरी व्यायाम केलेला असतो.

आणि ती हाक मारणारी नव्हती. दुकानाचं शटर अडकलं तर ती लाथ घालून उघडायची. हात कापला तर दातानं गाठ मारून पट्टी बांधायची. एकदा मी चांगला आठवडाभरानं हसत हसत दुकानात गेलो, तर ती उतरलेल्या चेहऱ्यानं किल्ली घासत बसली होती.

"ताप होता," ती म्हणाली. "उठवत नव्हतं."

"मग हाक मारायचीस ना. मी लगेच आलो असतो."

"तू पलीकडच्याच गल्लीत होतास. दार पडल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला."

यावर गप्प बसावं इतकी अक्कल मला असती तर काय हवं होतं. मी तिला आमची रीत समजावून सांगायला लागलो. ती किल्ली घासत राहिली. मग तिनं किल्लीवरचा कीस फुंकला आणि म्हणाली, "येत्या रविवारी मी घर बदलतेय. नवी जागा चौथ्या मजल्यावर आहे, हा घे पत्ता. वडिलांचं किल्ल्यांचं कपाट वर न्यायचंय. मी हाक मारणार नाही. आलास तर आलास. नाही आलास, तर तो पत्ता तू विसरून जा आणि मीही तुला विसरेन."

"म्हणजे हे बोलावणं समजायचं का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानाबाहेर पडलो. दार नीट लावून घेतलं. सैल मूठ हातात आली.

नेमका त्याच रविवारी बाबा मला गादीवर बसवणार होते.

गादी म्हणजे एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तिचा उजवा हात झिजून गुळगुळीत झालाय, कारण बाबा त्यावर कोपर टेकून, कानाशी हात धरून हाका ऐकत बसतात. कुठली हाक कोणी घ्यायची ते तिथे ठरतं. पण जो त्या खुर्चीत बसतो, त्याला पुन्हा न बोलावता तिथून उठता येत नाही. बाबांना जेवायला उठवायचं असलं की आई स्वयंपाकघरातून "वाचवा!" म्हणून ओरडते. मग बाबा ताडकन उठतात, ताटावर येतात, जेवतात आणि परत जाऊन बसतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी जेवायची वेळ अशीच होते.

रविवारी सगळं घर गादीच्या लांबोळ्या खोलीत जमलं. आत्यानं खुर्ची पुसली. आत्या घराण्याची अब्रू सांभाळते, म्हणजे इतरांना बोलते.

"त्या कुलूपवालीचं ऐकलंय मी," ती म्हणाली. "हाक न मारणारी मुलगी आपल्या घरात खपायची कशी?"

"चांगली आहे ती," मी म्हणालो. यापेक्षा जोरदार काहीतरी म्हणायचा विचार होता.

"असेल. पण तिला आपला उपयोग काय?"

या प्रश्नानं मला रात्रंदिवस पोखरलं होतं. तिला माझा उपयोग काय? शहराला होता. माझा हात घट्ट धरून रडणारी माणसं मी पाहिली होती. त्यांच्या हाका खोट्या नव्हत्या आणि त्या ऐकायला कोणीतरी बसायला हवंच होतं. बाबा थकले होते. मी थोरला. बाबांनी हातानं खूण केली, बस म्हणून, आणि उठण्यासाठी आईकडे पाहिलं.

आईनं ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ती माझ्याजवळ आली.

"मी नदीत बुडत होते, तेव्हा तुझे बाबा आले," ती हळू आवाजात म्हणाली. "एका हाकेत आले. किती भारी वाटलं होतं मला. त्यानंतर जन्मभर हाकाच मारतेय. तू झालास तेव्हाही मारावी लागली." ती खुर्चीकडे बघत होती. "एकदा तरी आपणहून उठून स्वयंपाकघरात आले असते रे. नुसतं काय करतेस म्हणून विचारायला."

बाबा तिथेच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण ती हाक नव्हती, त्यामुळे त्यांचा कोपर जागचा हलला नाही. मला बाबांची दया आली, आणि मग एकदम माझीच आली. तो चेहरा माझा होता. फक्त केस पांढरे होते.

मी दाराकडे वळलो.

"कोणी हाक मारली?" बाबांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग निघालास कुठे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"गादीचं काय?" आत्या म्हणाली.

"मी बसते." ही माझी धाकटी बहीण. हाक कुठल्या मजल्यावरून आली ते आजवर हीच मला सांगत आलीये, नाहीतर मी निम्म्या वेळा शेजारच्याचं दार तोडलं असतं. तसं ते तोडलंही आहे. "मला केव्हापासून बसायचंय. लग्नबिग्न मला करायचं नाही आणि कान माझे त्याच्यापेक्षा बरे आहेत."

"मग आजवर बोलली का नाहीस?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही कोणी विचारलंत?"

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. उडी मारायला कठड्याशी गेलो, खाली पाहिलं, आणि हाक नसल्याचं वेळेवर आठवलं. आमचं घर शहराच्या वर आहे. किती वर, ते मला त्या दिवशी पायऱ्या उतरताना पहिल्यांदा समजलं. खाली पोचलो तेव्हा गुडघे कुरकुरत होते. मग बस चुकीची पकडली. ज्या बसगाड्या मी आजवर डोक्यावर घेतल्या, त्या कुठे जातात हे वाचायची वेळच कधी आली नव्हती. उतरून उलटा चालत आलो. चार वेगवेगळ्या लोकांनी मला ओळखलं आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

तिच्या नव्या इमारतीचं दार लोटलेलं होतं. मी ते हलकेच उघडलं. ते बाहेर उघडत होतं.

ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर होती. कपाट भिंतीत तिरकं अडकलं होतं. खण सगळे काढून ठेवलेले, खाली जुनं ब्लँकेट सरकवलेलं, कठड्याला दोर गुंडाळलेला. एकटीनं तिनं ते एक-एक पायरी करत तिथवर चढवलं होतं. केस कपाळाला चिकटले होते आणि एक ढोपर सोललं होतं. बस उचलणाऱ्या माणसाच्या बाईनं कपाट एकटीनं वाहावं, याची मला लाज वाटली.

"मी हाक मारली नव्हती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग कसा आलास?"

"चालत. थोडा चुकीच्या बसनं."

मग दोराचं टोक सोडून तिनं डोळे मनगटानं पुसले, घाम पुसल्यासारखं दाखवत. "खालची बाजू धर," ती म्हणाली.

मी धरली. कपाट सागवानी होतं. जगात काही गोष्टी जड असतात असं मी आजवर ऐकून होतो, पण प्रत्यक्ष अनुभव हा पहिलाच. पहिल्या पायरीला पाठीत काहीतरी बोललं. दुसऱ्या पायरीला मी बोललो.

ती थांबली. "तू बस उचलतोस ना?"

"कोणी हाक मारली तर."

"आणि आत्ता?"

"आत्ता मी असाच आलोय."

तिनं कपाटाच्या वरच्या कडेवरून मान काढून माझ्याकडे पाहिलं. माझे दंड थरथरत होते, तोंड लाल झालं असणार. "म्हणजे मी आत्ता नुसतं 'वाचवा' म्हटलं, की हे एका हातानं वर जाईल?"

"एका बोटानं."

ती विचार करत होती. तिनं म्हणावं असं पाठ ओरडून सांगत होती. म्हणू नये असं बाकी सगळं अंग सांगत होतं.

"नीट धर," ती म्हणाली. "तुझी बाजू खाली जातेय."