कोबीचा मांडव

मळ्यातलं मला कळतं. ही फुशारकी नाही, केदारखेड्यात कुणालाही विचारा. चाळीस वर्षं मोट हाकली, आणि कडूबाचं वांगं म्हटलं की जालन्याच्या बाजारात वेगळं काढून ठेवायचे. म्हणून सून साळूबाई जेव्हा म्हणाली, "मामंजी, हिरीजवळचा भाजीचा मळा माझ्याकडं द्या, मी बघते," तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला. मुलगा मच्छिंद्र जालन्याला जिनिंगमध्ये कामाला. ही एकटी पोर काय मळा सांभाळणार?

त्याच दिवाळीनंतर मुनीरभाई आला. जालन्यातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो माळी, माझा जुना दोस्त. ओल्या गोणपाटात कोबीची चाळीस रोपं घेऊन आला होता.

"लावा कडूबाभाई. संक्रांतीला बंगल्यावर पाव्हणे येणार, तवा घेऊन जाईन. आठ दिवस उन्हापासून जपा, बस."

कोबी मी जन्मात पाहिला नव्हता. त्या काळी तो फक्त साहेबलोकांच्या ताटात असायचा. कसा दिसतो हे विचारणं मला कमीपणाचं वाटलं. साळूनं मात्र पदर सावरत त्याला बरंच काही विचारून घेतलं.

"वीस माझी, वीस साळूची," मी त्याच्या समोरच सांगून टाकलं. "मुनीरभाईला ज्याचा कोबी पसंत, मळा त्याचा." हरण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता.

मी तुराट्यांचा दणकट मांडव घातला, वर उसाचं पाचट पसरलं. साळूनंही आपल्या रोपांवर सावली केली, पण नवव्या दिवशी काढून टाकली. मला तिची कीव आली. जे आठ दिवस चांगलं ते ऐंशी दिवस आणखी चांगलं, एवढा साधा हिशेब पोरीला कळू नये! माझी पानं बघता बघता हातभर लांब झाली. गावातली माणसं बघायला यायची आणि मी मांडवाखाली वाकून एकेकाला पान दाखवायचो.

साळूची रोपं मात्र उघड्यावर, थंडीवाऱ्यात आखडून राहिली. मार्गशीर्ष सरत आला तशी त्यांची मधली पानं आत वळून मिटायलाच लागली. मिरचीवरचा चुरडामुरडा रोग मला ठाऊक होता. पान वळलं की झाड गेलं. पैज आपल्या जागी, पण सून आपलीच. म्हणून रोज सकाळी मोट जोडायच्या आधी मी तिच्या वाफ्यात जायचो आणि एका झाडाची मिटलेली पानं हलक्या हातानं उघडून द्यायचो, आत ऊन लागावं म्हणून. अशी चार झाडं झाली. पाचव्या दिवशी बघतो तर उरलेल्या सोळाही झाडांना केळीच्या सोपाचे धागे बांधलेले.

"हे काय गं?"

"शेळी येती मामंजी, रोज सकाळी. पानं उचकटून जाती."

शेळीवर आळ गेला म्हणून मी गप्प बसलो. वर कुंपणही नीट केलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मुनीरभाई आला. माझ्या मांडवात वाकून त्यानं पानं चाचपली. "कडूबाभाई, यात गड्डाच बांधला न्हाई. नुसता पाला." मग तो साळूच्या वाफ्यात गेला, एका कोबीचा धागा सोडला आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. नारळासारखा घट्ट गड्डा! ज्याला मी रोग समजलो तेच पीक होतं.

पण तेवढ्यात त्याला ती चार झाडं दिसली, फाटलेली आणि वाळलेली. त्याचा चेहराच बदलला.

"हे कोणी खोललं? बराबर भरून राह्यले व्हते. ज्यानं हे केलं त्याच्या हाती मळा देऊ नका, कडूबाभाई. बिलकुल न्हाई." आणि तो साळूकडं बघत होता.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी मळा माझाच राहिला असता. साळूनं मान खाली घातली. शेळीचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. तेव्हा मला कळलं, शेळी कोण ते हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चाळीस वर्षांत मळ्यात उभं राहून मला कधी लाज वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली.

"मुनीरभाई, ते हात माझे," मी म्हणालो. "रोग समजून मीच उघडून राह्यलो व्हतो. पोरीचा कसूर न्हाई."

मुनीरभाई पोट धरून हसला. मलाही हसू आलं, पण जरा उशिरा. कमरेचं खुरपं काढून मी साळूच्या हातात दिलं.

"घे. मळा तुझा. आता सांग, मी काय करू?"

हा प्रश्न मी आजवर कुणालाच विचारला नव्हता.

साळूनं खुरपं घेतलं आणि जराही न अडखळता म्हणाली, "आधी तो मांडव काढा, मामंजी. कुंपणाचं ऱ्हाऊ द्या. शेळी सापडली."