न दुखणारा पाय

पालेगावात विठाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, गावच्या बायका लिफ्टने वर-खाली करायला लागल्या, पण श्रावणी सोमवारी शिवमंदिराला जायचं ते अनवाणीच, हा विठाबाईच्या घरचा कायदा. मग वाटेत खडी पडलेली असो, सेंट्रिंगचे खिळे असोत की तारेचे तुकडे. सून किर्ती बदलापूरची, तिथल्या शिरगावात फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन आली तशी तीही अनवाणी चालू लागली.

गेल्या श्रावणात तिच्या टाचेत तारेचा तुकडा घुसला. तार निघाली, पण टाच लाल झाली, तापली, आणि आत असा ठणका लागला की पाय टेकवला तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"नखरे हायेत सगले," विठाबाई म्हणाली. तिने कांद्याचं पोटीस बांधलं आणि पुढच्या सोमवारी अंगात ताप असताना सुनेला पुन्हा चालवत नेलं. नवरा सुजित कंपनीत पाळीला जायच्या तयारीत होता. आईपुढे त्याची नेहमीच बोबडी वळायची, त्याही दिवशी वळली. किर्ती मंदिराच्या आवारात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे त्याने तिला दवाखान्यात नेलं.

अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरीणबाईंनी टाच बधिर करून चीर दिली, पू काढला आणि जखमेत गॉजची पट्टी भरली. मग चांगलं फैलावर घेतलं. "लाल, गरम, ठणकणारी सूज म्हणजे आत गळू. त्याला पोटीस बांधत बसायचं नाही, दाबून फोडायचं तर मुळीच नाही. ठणकलं म्हणून आलात, नशीब समजा. घरात शुगर आहे कुणाला?"

"सासूबाईंना. खूप वर्षं झाली."

"मग त्यांचे तळवे रोज बघत जा. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव मरते. आत पू झाला तरी त्यांना कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाय हातातून गेलेला असतो. अनवाणी तर अजिबात पाठवू नका."

किर्तीने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. विठाबाई हसली. पुढे वर्षभर, हळदीकुंकू असो की बारसं, ती चारचौघींत सांगत सुटली, "मन खोटा असला का देव पाय धरतो. माजा बघा. इतकी वर्सां चालतंय, काटा घुसला तरी कलत नाय. त्याची किरपा." बायका माना डोलवायच्या आणि किर्तीच्या टाचेकडे बघायच्या. अपमान गिळला की पचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सासुरवास भोगलेला नसतो.

या घरात आणखी एक रीत होती. दुपारची जेवणं झाली की सुनेने सासूचे पाय चेपायचे. त्यामुळे विठाबाईचे तळवे सबंध घरात एकट्या किर्तीला दिसत. यंदाच्या श्रावणात उजव्या अंगठ्याखालच्या घट्ट कातडीत तिला एक काळा ठिपका दिसला. अंगठ्याने दाबून पाहिलं तर आत मऊ लागलं. विठाबाई डोळे मिटून सुपारी चघळत होती.

"आई, इथे काळं दिसतंय. डॉक्टरांना दाखवू या का?" किर्ती म्हणाली. हे तिने मनापासून म्हटलं, तेवढं तिच्या पदरात टाकलंच पाहिजे.

विठाबाईने पाय झटकला. टाच सुनेच्या हनुवटीवर बसली. "कुरूप हाय ता. तुजा सडला म्हणून माजा पन सडाय पायजे काय गो?"

त्यानंतर किर्ती बोलली नाही. ठिपक्याभोवती लाली पसरली, पाऊल सुजलं, हाताला गरम लागू लागलं. ती रोज बघत होती आणि रोज चेपत होती. सुरुवातीला तिचं गप्प बसणं रागाचं होतं. पुढे राग ओसरला, तरी ती गप्पच राहिली, आणि हे जास्त वाईट. सोमवारी विठाबाई नेहमीसारखी मंदिराला जाऊन आली. लादीवर तिच्या पावलांचे ओले, पिवळट ठसे उमटले. किर्तीने फिनेलचं पोतेरं फिरवलं.

"वास कसला येतोय?" सुजितने विचारलं.

"गटाराचा," किर्ती म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. विठाबाईचा मुंगीच्या पावलांनी आला आणि जाताना पाय घेऊन गेला. थंडी वाजून ताप चढला, ती बरळायला लागली. उल्हासनगरच्या इस्पितळात नेलं तोवर पू हाडापर्यंत पोचला होता. गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

"घरात कुणी पाय बघितला नाही का?" सर्जनने विचारलं. सुजितने बायकोकडे पाहिलं.

"त्यांना दुखतच नव्हतं," किर्ती म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दिवाळी झाली. विठाबाई आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते, बाकी दिवस खाटेवर. आयुष्यभर न दुखलेला तो पाय तुटल्यावर दुखायला लागला. जिथे नुसती चादर आहे तिथे ठणका बसतो आणि ती रडते. असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. किर्तीने ते ऐकलंय.

"ठनकतंय गो. त्या तलव्यात. जरा चेप."

"नसलेल्या पायात काय ठणकणार, आई? नखरे आहेत सगळे," किर्ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की शेजारणीला ती माया वाटली असती.

मग तिने डावा पाय मांडीवर घेतला. सगळा भार आता यावरच होता. अंगठ्याखालची कातडी घट्ट झाली होती आणि तिच्यात, मोहरीएवढा, एक काळा ठिपका होता.

विठाबाईने मान उचलली. आजवर तिने सुनेला कधी काही विचारलं नव्हतं. "ह्या पायाला काय नाय ना गो? नीट बग. माजा मना कलत नाय."

किर्तीचा अंगठा ठिपक्यावर थांबला. आत मऊ लागलं.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "देवाची कृपा आहे." आणि पाय चेपू लागली.