गाभण गाईचं औषध

कळसच्या सोनबांना डोक्यावरची टोपी टोचायला लागली, तेव्हा त्यांनी टोपी बदलली. मग चावताना जबडा दुखायला लागला, तेव्हा दोष गोजरबाईंच्या भाकरीला गेला. बारामतीच्या डॉक्टर माधवीबाईंनी मात्र कानशिलावरची टणक शीर चाचपली.

"तात्या, या रक्तवाहिनीला सूज आहे. नजर जाऊ शकते. स्टेरॉइडची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. जोडीला ही ॲस्पिरिन."

तीस वर्षं गाई पाळलेल्या माणसाला स्टेरॉइड ठाऊक होतं. जनावरांच्या डॉक्टरनं गाभण गाईला ते टोचलं की वासरू पडतं. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी, ती हृदयासाठी घ्यायची मोठ्या माणसांची गोळी. सकाळी दूध डेअरीवर किटली घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक वजनदार माणसाच्या खिशात ती होतीच. पंधरा दिवसांत डोकं दुखायचं राहिलं, तशी सोनबांनी स्टेरॉइडची पाकिटं गव्हाणीमागं सारली. ॲस्पिरिन मात्र ते डेअरीवर, चारचौघांत, पाणी मागवून घेत राहिले.

स्टेरॉइड सोडल्याच्या आठव्या दिवशी धार काढताना डाव्या डोळ्यापुढं पडदा आला.

"अवं, असं काय बघताय?" गोजरबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. गाय जरा बारीक झालीया."

गोजरबाईंनी गाय पाहिली, नवरा पाहिला आणि जीप बोलावली. निघताना गव्हाणीमागची पाकिटं पदरात बांधून घेतली. शेण त्याच काढत असल्यानं गोठ्यात काही लपत नव्हतं.

माधवीबाईंनी आधी सलाईनमधून औषध सुरू केलं, मग सगळी हकिगत ऐकून घेतली.

"तात्या, तुम्ही गाभण आहात का?"

"न्हाय," सोनबा म्हणाले. बाजूच्या खाटेवरचा माणूस हसला. "पर दुसरी गोळी रोज घेतली की मी!"

"तिचा या आजारात उपयोग होतो का, हे अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही. होईल तर होईल म्हणून दिली होती. डोळा राखायचं काम या स्टेरॉइडच्या गोळीचं होतं. पोटात जळजळतंय?"

"व्हय."

"मग ॲस्पिरिन बंद."

म्हणजे मानाची होती ती गेली, आणि गाईची राहिली.

डावा डोळा परत आला नाही. उजवा वाचला.

आता रोज गोठ्यात सोनबा उजव्या डोळ्यावर तळहात ठेवतात. अंधार होतो. गाईचा उच्छ्वास तेवढा ऐकू येतो. मग हात काढतात, गाय आख्खी दिसते, आणि ते गोळी गिळतात.