कुंपणाजवळचा गोल

डिसेंबरात लहान वर्गही भरवायचा आदेश आला, तेव्हा गांगुर्डे मॅडमनी वर्गखोलीचं कुलूप काढलं, आत एक नजर टाकली आणि परत लावून टाकलं. खिडक्या दोनच, त्यातली एक गंजून बसलेली. हवा खेळती हवी असं आदेशात होतं. निफाडजवळच्या त्या गावात खेळती हवा बाहेरच होती, म्हणून दुसरीचा वर्ग कडुलिंबाखाली भरला. निम्मी मुलं आज, निम्मी उद्या. मॅडमनी जमिनीवर फक्कीने गोल आखले. एका गोलात एक पोर. बस्कर घरून आणायचं, पेन्सिल कुणाची मागायची नाही, डबा आपल्याच गोलात खायचा.

संजनाने कुंपणाजवळचा गोल धरला. कुंपणापलीकडे तिच्या घरचीच द्राक्षबाग होती, तेवढाच धीर. उज्वलाची ही लेक दुसरीत होती, पण शाळेत अशी पहिल्यांदाच बसत होती. पहिली सगळी बापाच्या मोबाइलवर झाली. वाचायला आलं, लिहायला आलं. घराबाहेरच्या माणसापुढे तोंड उघडायला तेवढं आलं नाही. मोबाइलवर मॅडमनी नाव घेतलं की ती आधी आवाज बंद करायची आणि मग ‘हजर’ म्हणायची.

कडुलिंबाखालीही ती गप्पच होती. मग एक दिवस मॅडमनी निरोप धाडला, की शेजारच्या गोलातली राखी पाढ्यात अडली तेव्हा संजनाने तिला पुढचा आकडा सांगितला. हळूच, पण सांगितला. त्या संध्याकाळी उज्वलाच्या भाकरी भराभर झाल्या. मास्क लेकीला मोठा व्हायचा, म्हणून तिने त्याच्या इलॅस्टिकला दोन्हीकडे गाठी मारल्या होत्या. तो मास्क ती रोज स्वतः धुवायची, दुसऱ्या कपड्यांत टाकायची नाही.

शाळेला गाव सुखासुखी तयार झालं नव्हतं. एप्रिलमध्ये गावातली माणसं गेली आणि त्यांना पोहोचवायलाही कुणाला जाता आलं नाही. उज्वलाचे सासरे गेणूतात्या स्वतः ऑक्सिजनवर राहून परत आले होते. तात्या माजी सरपंच. पारावर अट घातली ती त्यांनीच: वर्गात खोकला शिरला की शाळा पुन्हा मोबाइलवर, आणि मग उन्हाळ्यापर्यंत कुणी विषय काढायचा नाही. मॅडमसकट सगळ्यांनी ती मान्य केली.

त्यातच अवकाळी पाऊस होऊन गेला आणि मागे ढग ठेवून गेला. असल्या हवेत घडांवर भुरीची पांढरी बुरशी धरते, म्हणून बागेत एकसारखं औषध चालू झालं. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून रोहित, उज्वलाचा नवरा, फवारा मारायचा. शाळेकडच्या ओळी तो पोरं घरी गेल्यावर धरायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वारा शाळेकडे वाहतोय हे त्याच्या नाकालाच कळायचं. त्या दिवशी मात्र तो क्रेट आणायला पिंपळगावला गेला, आणि ट्रॅक्टरवर तात्या बसले.

दुपारपर्यंत गावभर झालं, की दुसरीच्या वर्गात खोकला शिरला. एकाला नाही, कुंपणाकडच्या सगळ्यांनाच. मॅडमनी ताप बघितला, कुणाला नव्हता. घसा खवखवतो, डोळे झोंबतात, एवढंच पोरं सांगत होती. पण अट खोकल्याची होती, तापाची नव्हती. आया येऊन आपापली पोरं घेऊन गेल्या. संध्याकाळी पारावर बसायचं ठरलं, आणि काय ठरणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

संजना घरी येऊन कोपऱ्यात बसली. राखीला बस्कर द्यायचं राहिलं, एवढंच ती म्हणाली. आपलं बस्कर दुसऱ्याला द्यायचं नसतं, हे उज्वलाने तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

उज्वला मास्क घेऊन मोरीत गेली. पाणी घालण्याआधी तो हातातच राहिला. वास ओळखीचा होता. रोहितचे फवाऱ्याचे शर्ट तिच्याच हातून धुतले जायचे. गंधक.

तात्या ओट्यावर टोपी घालून पाराकडे निघायच्या बेतात होते. आत चुलीवर दूध उतू जाऊन करपलं होतं, सासूबाई अंगणातून धावत आल्या, आणि दूध राखायला बसवलेले तात्या ओट्यावर तसेच शांत उभे. उज्वला सासऱ्यांसमोर फारसं बोलत नसे. तिने मास्क पुढे धरला.

“तात्या, याचा वास घ्या.”

त्यांनी घेतला. परत घेतला. “काय हाय त्याच्यात?”

“गंधक हाय. सकाळचं.”

तात्यांनी मास्क उलटा करून पाहिला, जणू वास दिसायला हवा होता. उज्वलाला मग एकेक आठवत गेलं. दवाखान्यातून आल्यावर आळणी आमटीही ते मुकाट जेवले होते. औषधाची बाटली पूर्वी झाकण काढून ओळखायचे, हल्ली चष्मा मागायचे. आणि आत्ताचं हे दूध.

“एप्रिलपासून नाय येत,” तात्या म्हणाले. “कशाचाच नाय. बागायतदार माणूस, सांगू कुणाला?”

मास्क त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि ते गेले.

पारावरचं बोलणं तिला नंतर रोहितकडून कळलं. मॅडम उभ्या राहायच्या आधीच तात्या उठले. पोरांचा खोकला आपल्या ट्रॅक्टरचा आहे, रोगाचा नाही, असं त्यांनी सांगितलं. मास्क हातोहात फिरवला. कुणीतरी मागून विचारलं, की तात्या, तुमच्या नाकाला फवारा मारताना कळलं नाही व्हय? तेव्हा ते म्हणाले, की नाक गेलंय, ऑक्सिजनबरोबर तिकडंच राहिलं. लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण ते खरंच सांगत होते. मॅडमनी मागितलं एवढंच, की दोन दिवस थांबू, कुणाला ताप आला नाही तर वर्ग भरवू.

ताप आला नाही. वर्ग परत भरला आणि शाळेकडच्या ओळी संध्याकाळवर गेल्या, कुणीही ट्रॅक्टरवर असो. लांबच्या ओळी तेवढ्या सकाळी व्हायच्या. तात्यांनी कुंपणाच्या तारेला जुन्या धोतराची पट्टी बांधली, वारा कुठला ते दिसायला. पण पट्टीवर त्यांचा पुरता भरवसा नसावा.

एका सकाळी उज्वला लेकीचा विसरलेला डबा द्यायला गेली. पलीकडे तात्यांनी ट्रॅक्टर बंद करून कुंपणाशी येऊन विचारलं, “संजे, वास येतो का गं?”

वर्ग थांबला. मॅडमही खडू धरून थांबल्या. संजनाने मास्क नाकाखाली ओढला, हवा हुंगली, आणि मास्क पुन्हा नीट चढवून कडुलिंबाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाय येत, तात्या. चालू करा.”

उज्वलाने डबा गोलाच्या कडेला ठेवला आणि ती आली तशी परतली.